निवळी दुधाळ झालीच नाही

मंडळी, आज डोकं फिरलंय. आयुष्यभर विज्ञान शिकवलं, निवृत्तीनंतर आता बी.एड.च्या पोरांना शिकवायला शिकवतोय.

आज वैजापूरच्या एकाचा सराव पाठ होता. सातवीतली एक मुलगी नळीनं चुन्याच्या निवळीत फुंकत होती. श्वासानं निवळी दुधाळ व्हायला हवी. पण ती जुनी होती, पाण्यासारखीच राहिली. पठ्ठ्या म्हणतो, "लिहा, निवळी दुधाळ झाली." अख्ख्या वर्गानं मुकाट लिहिलं!

नंतर त्याला म्हटलं, "अरे, पोरांनाच विचारायचं ना, का झालं नाही? समोर पानटपरी आहे, ताजा चुना आणून पुन्हा करायचं."

"सर, लिहून आणलेल्या पाठ टाचणात तसं नाय ना."

फुंकून दमलेल्या त्या पोरीनंही दुधाळच लिहिलं होतं.

तुमच्या वर्गात कधी कुणी म्हणालं होतं का, "सर, नाय झालं"?