मिरजोळे आणि गणपतीपुळे यांच्या मधली पडवी

बॉयलर बिघडला म्हणून आमचा काजूचा कारखाना बुधवारी बंद राहणार, असं मंगळवारी सुपरवायझरने सांगितलं. सगळ्या बायका पगार बुडाला म्हणून हळहळल्या. मी मान खाली घालून काजू सोलत राहिले, कारण मला हसू येत होतं. बुधवार म्हणजे आमच्या ह्यांच्या सुट्टीचा वार. माझी सुट्टी रविवारची, त्यामुळे आमच्या दोघांच्या सुट्ट्या कधीच एकमेकींना भेटत नाहीत.

हे गणपतीपुळ्याला एका लॉजवर आचारी आहेत आणि तिथेच नोकरमाणसांच्या खोलीत झोपतात. मी मिरजोळ्याला कारखान्यात. राहते रत्नागिरी शहरात नणंदेकडे. हे मुंबईला होते तोवर वेगळं राहणं समजत होतं. आता मुंबई सोडून आले, मुलगा पुण्याला शिकायला गेला, आणि तरी आम्ही एका खाडीच्या इकडे तिकडे. मधल्या एखाद्या गावात खोली घ्यायची, असं दिवाळीपासून चाललं होतं. आता मार्च लागला होता. मे महिन्याची गर्दी सुरू झाली की ह्यांना सुट्टी नाही, मग पाऊस. म्हणजे हा बुधवार गेला की पुढची दिवाळी.

सकाळी हे लॉजच्या मालकांची स्कूटर घेऊन आले. धुतलेला शर्ट, भांग पाडलेला. गाडीचा एक दोष होता. खड्ड्यात गेली की हॉर्न आपोआप वाजायचा आणि लवकर थांबायचा नाही. नणंदेच्या दारातच तो वाजला. शेजारची माणसं बाहेर आली. मी पदर तोंडाला लावून मागे बसले.

"कुठं निघालात नवरानवरी?" नणंद म्हणाली.

"घर मांडायला," हे म्हणाले. चाळिशीतल्या माणसाने असं भर गल्लीत म्हणायचं! मी त्यांच्या पाठीत चिमटा काढला आणि गाडी सुटली.

शिरगाव मागे पडलं आणि खाडीचा वारा लागला. ओहोटी होती. पूल ओलांडून जरा पुढे गेल्यावर एक म्हातारी दारासमोर सुकी मासळी उलटीपालटी करत होती. ह्यांनी खोलीबद्दल विचारलं.

"खोली हाय," ती म्हणाली, "आणि वास पण हाय. वासाचं वेगळं भाडं घेत नाय."

खोली चांगली होती. खिडकीतून होड्या दिसत होत्या. मला वासाचं काही वाटलं नाही, माझ्या आईने हेच केलं जन्मभर. पण ह्यांना पहाटे लॉजवर नाश्ता लावायचा असतो आणि त्या वेळेला इथून एकही एसटी नव्हती.

"मग तू मिरजोळ्याला जा चालत आणि मी पुळ्याला पोहत," हे म्हणाले.

म्हातारी हसली. "मधोमध बघा हो. नायतर एक थकंल नि एक भांडंल." जाताना तिने मूठभर सोडे (सुकी कोळंबी) कागदात बांधून दिले. ते मी मांडीवर धरून बसले, आणि दिवसभर स्कूटरच्या मागे मांजरं लागली.

पुढे चढ चढून सड्यावर (जांभ्या दगडाचं उघडं माळरान) आलो. काजूची झाडं बोंडांनी पिवळी-लाल झाली होती. ज्या काजूंनी माझी बोटं काळी केली ते झाडावर इतके सुंदर दिसतात, हे मी विसरूनच गेले होते. मी दोन बोंडं तोडून खाल्ली आणि रस साडीवर पाडून घेतला. तो डाग काही निघायचा नाही.

तिथल्या चहाच्या टपरीवर ह्यांनी मोठ्याने विचारलं, "इकडे कुठं जागा बघायला मिळेल काय?"

बाकावरचा काळा चष्मा लावलेला एक माणूस ताडकन उठला. "मिळेल काय म्हणजे? चला!"

आम्ही त्याच्या मोटारसायकलीच्या मागे गेलो. एका ठिकाणी थांबून त्याने दोन्ही हात पसरले. समोर नुसता कातळ, त्याच्यापुढे कडा आणि खाली समुद्र.

"सनसेट तुमच्या मालकीचा," तो म्हणाला. "इथं बंगला, इथं स्विमिंग पूल. मुंबईची पार्टी बघून गेलीये, पण तुम्ही आपली माणसं."

तेव्हा मला कळलं. आमच्याकडे हल्ली 'जागा' म्हणजे जमीन, आणि ती बघायला येतात ती पैसेवाली माणसं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनाही कळलं होतं, पण त्यांना चेव आला. कंबरेवर हात ठेवून ते म्हणाले, "पूल जरा डावीकडे घेऊ. बंगल्याची सावली पडायला नको."

"अगदी बरोबर," चष्मेवाला म्हणाला. "वहिनी, तुमचं काय म्हणणं?"

मला परक्या माणसाशी बोलायचं म्हणजे घाम फुटतो. मी स्कूटरवर बसूनच मांडीवरच्या सोड्यांकडे बघत म्हटलं, "पाणी?"

"पाण्याचं काय, बोअर मारायची. लागेल तिथपर्यंत."

तेवढ्यात गाडीजवळ आलेल्या मांजराने स्कूटरवर उडी मारली आणि हॉर्न सुरू झाला. त्या आवाजात आम्ही निरोप घेतला. उतारावर मला इतकं हसू आलं की ह्यांना गाडी बाजूला घ्यावी लागली.

"तुम्ही 'जागा' हा शब्दच काढू नका आता," मी डोळे पुसत म्हटलं. "नुसतं बघायला आलोय म्हणा."

पुढे जे सगळं झालं, ते माझ्या या शहाणपणामुळे.

आरे गावाच्या फाट्यावर पाटी लागली. या वाटेवर एका गावाचं नाव आरे आणि पलीकडच्या गावाचं वारे. हे पाटी वाचून ओरडले, "आरे!" मी मागून म्हटलं, "वा रे!" पोरांसारखा तोच खेळ आम्ही देवळापर्यंत खेळत गेलो. माझ्याबरोबर काजू सोलणारी एक बाई सांगत होती की आरे गावात देवळामागे एका काकींची पडवी (घराला लागून उतरत्या छपराची खोली) रिकामी आहे. पडवीचा पत्ता एवढाच.

देवळामागे एकच घर होतं. खळं (घरापुढचं अंगण) नुकतं सारवलेलं, दारात रांगोळी. खळ्याच्या कडेला खड्डा होता, म्हणून हॉर्नही वाजला. एक काकी लगबगीने बाहेर आल्या. चांगली साडी, केसात अबोली.

"आम्ही बघायला आलोय," हे म्हणाले.

"या या, वाटच बघत होतो! अहो, आले हो!" काकींनी आत हाक मारली. काका सदऱ्याची बटणं लावत आले. आम्हाला खुर्च्या, पाणी, पंखा. मला वाटलं, भाडेकरूला एवढा मान देणारी माणसं म्हणजे देवमाणसंच. लगेच पोह्यांच्या बश्या आल्या, वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. सकाळपासून दोन बोंडांवर होते मी. बशी पुसून खाल्ली. ह्यांनी दुसऱ्यांदा घेतले.

"एकच आहे ना?" ह्यांनी विचारलं.

"एकुलती एक," काका म्हणाले.

"आम्हाला एकच पुरे. किती वर्षं झाली?"

"सव्वीस पुरी होतील यंदा."

"वाटत नाही!" हे म्हणाले. "चांगली ठेवलीये तुम्ही."

काकी सुखावल्या. मग जरा पुढे वाकून म्हणाल्या, "खोटं कशाला बोलू? उन्हातली आहे, म्हणून रंग जरा उतरलाय."

"रंगाचं काय हो काकी, चुना मारला की झालं!"

काका-काकींनी एकमेकांकडे पाहिलं. त्याच वेळी आतल्या दारातून चहाचा ट्रे घेऊन एक मुलगी आली. नवी साडी, खाली नजर, केसात अबोलीचा भरगच्च गजरा. ट्रेमधल्या कपबश्या किणकिण वाजत होत्या. मी कोपराने ह्यांना ढोसलं. हे चहा घेत म्हणाले, "कधी देणार मग?"

"तुमचं ठरलं की वैशाखात," काका म्हणाले.

"वैशाख? आम्हाला तर पुढच्या आठवड्यातच पाहिजे. पसंत आहे. फक्त एक सांगा, मागच्या बाजूने गळत नाही ना?"

काकींनी पदर तोंडाला लावला. हे अजून उत्तराची वाट बघत होते. शेवटी मीच म्हटलं, आणि म्हणायचं होतं त्याच्या दुप्पट मोठ्याने म्हटलं, "काकी, आम्ही खोली बघायला आलोय!"

पहिली हसली ती मुलगी. ट्रे मांडीवर घेऊन ती उंबरठ्यावरच बसली आणि हसता हसता तिचा गजरा सुटला. "आई," ती म्हणाली, "चुना मारणार होते गो मला!"

काकींना मात्र हसू आलं नाही. मध्यस्थाने निरोप दिला होता की मुलाचा थोरला भाऊ आणि वहिनी स्कूटरवरून येतील. "आता कधीपण येतील ते," त्या म्हणाल्या. "आणि घरातले पोहे संपले! तुम्ही दोनदा घेतलेत हो!"

हे खुर्चीतून उठले. एवढा बोलका माणूस, पण लाजेने कानापर्यंत लाल झाला होता. आमची पडवी गेली, असं मला वाटलं. पुढची दिवाळी डोळ्यांसमोर आली.

"तांदळाचं पीठ आहे काय घरात?" ह्यांनी हळूच विचारलं. "आणि नारळ?"

"कोकणात नारळ विचारता?" काका म्हणाले.

"मग दाखवा चूल. मी आचारी आहे, काकी. तुमचे पोहे खाल्ले, त्याबदल्यात घावनं घालतो."

परका पुरुष स्वयंपाकघरात! काकी दारात आडव्या उभ्या राहिल्या. मग बाहेर रस्त्यावर गाडीचा आवाज झाला आणि त्या बाजूला झाल्या. ह्यांनी खांद्याला पंचा टाकला, पिठात पाणी घालून बोटाने पातळसरपणा बघितला. मी विळीवर बसून नारळ खवायला घेतला. श्वेताने (त्या मुलीचं नाव) गूळ किसला. तव्यावर पहिलं घावन जाळी धरत सुटलं तेव्हा हे माझ्याकडे बघून हसले, आणि माझ्या ध्यानात आलं की आम्ही दोघं एका चुलीपाशी बसलो त्याला कितीतरी वर्षं झाली. ह्यांच्या हातचं गावभर लोकांनी खाल्लं, मी तेवढी राहिले. मी खोबरं पिळून रस काढत होते. डोळ्यांत पाणी आलं ते धुरामुळे, असं सांगितलं असतं, पण चूल गॅसची होती.

"वहिनी," श्वेता कानात म्हणाली, "सकाळपासून हातपाय कापत होते माझे. आता काय भीतीच नाय वाटत. ह्याच्यापेक्षा वाईट काय विचारणार ते?"

खरे पाहुणे भले निघाले. मुलाची वहिनी घावन रसात बुडवून खात म्हणाली, "इतकं मऊ! श्वेताने केलं काय?"

काकी थबकल्या. होय म्हणणं अगदी सोपं होतं. मी दाराआड कान लावून उभी.

"नाय," श्वेताच बोलली. "माझं फाटलं असतं. हे आमच्या पडवीतल्या दादांनी केलं."

काकींनी तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे. "होय," त्या म्हणाल्या. "आमच्या पडवीत राहतात ती. नवराबायको. चांगली आहेत माणसं."

पडवी आम्ही अजून पाहिलेलीसुद्धा नव्हती!

पाहुणे गेल्यावर पाहिली. लांबट, बसकी, भिंतींचे पोपडे निघालेली. एका बाजूला खिडकी, खिडकीत माडाच्या झावळ्या आणि झावळ्यांपलीकडे कुठेतरी समुद्राचा आवाज. मागे विहीर. काकींनी भाडं सांगितलं ते आम्हाला झेपणारं होतं. पुळ्याची पहिली एसटी पहाटे फाट्यावरूनच सुटते, असंही त्या म्हणाल्या.

"आणि ते विचारलात ना," काकी म्हणाल्या आणि आता कुठे त्यांना हसू फुटलं, "गळते हो. मागच्या बाजूनं. पावसाआधी कौलं चाळून देतील काका."

"तरी पसंत आहे," हे म्हणाले, आणि मग खळ्यातल्या काकांसकट आम्ही सगळी हसत सुटलो.

संध्याकाळी ह्यांना लॉजवर गाडी परत करायची होती, म्हणून मी फाट्यावरून रत्नागिरीची एसटी धरणार होते. मी रस्त्याच्या एका बाजूला, हे स्कूटर घेऊन दुसऱ्या बाजूला. आता रोज सकाळी आम्ही असेच उभे राहणार. माझी गाडी इकडे, ह्यांची तिकडे, आणि रात्री दोघांचा उतरायचा थांबा हाच. वैशाखात श्वेताचं ठरलं तर ती या घरातून जाईल. काकी तेव्हा रडतील आणि आम्ही शेजारी असू, हे बरं.

एसटी आली. कंडक्टरने डोकं बाहेर काढून विचारलं, "कुठलं हे, आरे काय?"

"आरे!" मी म्हटलं.

"वा रे!" रस्त्याच्या पलीकडून आवाज आला. पाठोपाठ हॉर्न. गाडीतली माणसं खिडक्यांतून बघायला लागली आणि मी सोड्यांची पुडी तोंडापुढे धरून चढले.

रत्नागिरीत उतरल्यावर नणंदेकडे जाण्याआधी मी एका दुकानात शिरले आणि चुन्याची पिशवी मागितली.

"केवढी देऊ?" दुकानदार म्हणाला. "काम काय आहे?"

एरवी मी बोट दाखवून वस्तू घेते आणि निघते. पण त्या दिवशी म्हटलं, "आज एक बघून आलो. पसंत पडली. रंग तेवढा उतरलाय."

दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. मी पिशवी उचलली आणि नणंदेच्या दारापर्यंत एकटीच हसत गेले.