जवळची बाजू
मेणाच्या खडूंचा वास आला की मला वरवंडच्या शाळेत आलेला तो रस्ता सुरक्षेवाला साहेब आठवतो. त्यानं माझ्या पहिलीतल्या पोरांना रंगवायला सिग्नलचं चित्र वाटलं. गावात सिग्नल नव्हताच, म्हणून पोरांनी त्याला झेंड्याचे रंग दिले. साहेबानं कपाळाला हात लावला. एका मुलीनं मात्र कागदाच्या पाठीमागं आमचा हायवे काढला, त्यावर समोरासमोर आलेला उसाचा ट्रॅक्टर आणि मोटार. साहेबानं तिला विचारलं, "गाडी कुठल्या बाजूनं चालवायची असते?" ती म्हणाली, "जवळच्या. आमचं आप्पा तसंच नेत्यात." साहेबानं चित्रावर लाल फुली मारली आणि डाव्या बाजूवर लांबलचक भाषण ठोकलं. मग चहा-बिस्किटं संपवून तो गाडीत बसला. पुण्याकडं जायला दुभाजकाचा वळसा लांब पडत होता. पोरं फाटकाशी टाटा करत असतानाच तो ड्रायव्हरला म्हणाला, "जवळून काढ रे." पोरं रोज घरी जातात त्याच कडेनं, समोरच्या ट्रॅक्टरला हॉर्न मारत, गाडी उलट्या बाजूनं गेली. मुलीनं माझा पदर ओढला. "बाई, माझ्या चित्रातली गाडी." सिग्नलचे ते कागद अजून दर वर्षी येतात. पाठकोरे असतात, तेवढाच त्यांचा उपयोग.