सगळी वळखत्यात की

कडेगावच्या पेठेतला आमचा शिंपी कायम ओठांत टाचण्या धरून बोलायचा, म्हणून त्याचं बोलणं आखूड. सांगलीच्या रद्दीवाल्याकडून मी इंग्रजी चित्रकथा आणायचो, त्या तो मशीन थांबवून बघायचा.

एकदा मी हसत हसत त्याला त्यातली गोष्ट सांगितली. नायक दिवसा चष्मा लावून कारकुनी करतो, संकट आलं की झगा घालून उडतो. आणि नुसत्या चष्म्यामुळे कचेरीत त्याला कुणी ओळखत नाही!

त्यानं ओठांतल्या टाचण्या काढल्या.

"वळखत्यात की सगळी, मास्तर. बोलत न्हाईत."

पुढं काही दिवसांनी एक सरकारी साहेब पेठेत आले. बेचाळीसच्या चळवळीत इथला एक भूमिगत पोलिसांना शेवटपर्यंत सापडला नव्हता. आता सरकारला त्याचा सत्कार करायचा होता.

"कोण होता तो?"

"आमाला काय ठावं न्हाई, सायेब," चहावाला म्हणाला. न्हावी, वाणी, सगळे तेच म्हणाले. शिंपी मान खाली घालून मशीन चालवत होता. त्याच्याकडे मात्र कुणीच बघत नव्हतं, अगदी चुकूनसुद्धा.

"गुरुजी, तुम्ही तरी सांगा," साहेब माझ्याकडे वळले.

"मी वाईचा," मी म्हणालो, आणि चहाच्या कपात बघत राहिलो.