निनावी परीक्षण

शिजवलेल्या हळदीचा दमट, मातकट वास आला की हिंगोलीतलं, हळदीच्या बाजारालगतचं आमच्या साप्ताहिकाचं कार्यालय आठवतं. हाणामारीच्या एका चित्रपटाच्या दुसऱ्या भागाचं निनावी परीक्षण इंटरनेटवरून उतरवून संपादकांनी माझ्या पुढ्यात ठेवलं होतं. "मॅडम, शब्द तेवढे बदला, आपलंच होऊन जातंय." चित्रपट न पाहताच मी प्रतिशब्द मांडत गेले; थिएटरातल्या अंधारात 'अब्बांनी माझा हात घट्ट धरला' असं लिहिणाऱ्याने लिहिलं होतं, त्याचं 'पित्याने कन्येचा कर दृढ धरिला' झालं. अंक निघाला आणि जवळा बाजार गावची एक मुलगी तो घेऊन थेट माझ्यासमोर उभी राहिली. "ताई, हे मी लिहिलेलं व्हय. पण तुमच्या कागदात माझे अब्बा न्हाईतच." मी खजील झाले. पुढच्या अंकात तिचाच मजकूर जसाच्या तसा छापायचं कबूल केलं आणि विचारलं, खाली नाव घालायचं का, आणि कुणाचं? आजही लिहायला बसले की तिचा तो शांत, ठाम शब्द ऐकू येतो: "माझं."