न मिळालेल्या खोलीची दलाली

माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी जमीन उकरली. मी केलेली जमीन. दोन गडी कुदळी घेऊन खोलीत वाकले होते आणि घरमालक पडवीत उभा राहून सांगत होता, "वीतभर खाली जाऊ दे. ओल गेलीय तिथवर काढा." सगळी माती पाट्यांनी उचलून परसाच्या टोकाला नेऊन टाकली. आमची वळकटी, मडकी, नवऱ्याची ट्रंक, सगळं गडग्याबाहेर रस्त्यावर. सातवा महिना सरत आलेला. मी ट्रंकेवर बसून बघत होते.

पाऊस सरला की आमच्याकडे घराची जमीन नवी करतात. माती भिजवायची, पसरायची, चोपण्यानं चोपून घट्ट करायची, मग शेणानं सारवायची. ती भाडेकरूनं करायची असं ठरलं होतं. नवरा विहिरीचं पाणी आणून देई, मी पोट सांभाळत, उकिडवी बसून चोपत होते. मालकीण दारातनं बघून म्हणाली होती, "हात चांगला आहे गो तुझा." तेवढ्यावर मी दिवसभर खूश होते. काय खुळी होते मी.

खोली हवी होती पोटातल्या पोरासाठी. आमची वाडी खाडीपलीकडे. पहिल्या खेपेला अडले तेव्हा मला डोलीतनं खाडीपर्यंत आणलं, तर ओहोटी लागलेली आणि होडी पलीकडच्या काठाला. मी तिथंच चिखलात बाळंत झाले. मुलगा होता. निळा पडला होता. रडलाच नाही. म्हणून या खेपेला रत्नागिरीत, दवाखान्याजवळ राहायचं असं आम्ही ठरवलं. नवरा बंदरावरच्या कचेरीत पट्टेवाला होता. अंगात डगला, डोक्याला रुमाल, बोलणं मुंबईचं. बघून कुणी ओळखत नसे.

खोली दाखवणारा माणूस आंब्याचा दलाल. हंगाम संपला की खोल्यांची दलाली करायचा. नवऱ्यानं त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं, आम्ही महार. तो म्हणाला, "मी विचारलंय का तुला? मग तूही कुणाला सांगू नको. आणि बायकोला म्हणावं, विहिरीवर सरळ जायचं, चार बायकांसारखं पाणी शेंदायचं." दलाली एका महिन्याचं भाडं. नवऱ्याच्या हातातनं घेतली आणि कनवटीला लावली.

नवऱ्यानं मला बजावून सांगितलं. मी मान हलवली. सामान लावून झालं आणि मी पहिल्यांदाच कळशी घेऊन विहिरीवर गेले. पाय लांबच थांबले. मी थांबवले नाहीत. जन्मभर जिथं थांबायचे तिथंच थांबले. मालकीण पाणी काढत होती. म्हणाली, "अगो, लांब का उभी? ये, शेंदून घे." मी कळशी खाली ठेवून मागं सरलेही होते, आणि तोंडातनं गेलं, "तुम्हीच घाला वरनं."

तिच्या हातातला दोर सुटला. पुढं काही विचारावं लागलं नाही तिला.

तेव्हा रत्नागिरीत सहभोजनं चालत. हा घरमालक त्यात पंगतीला बसलेला. नवऱ्यानं त्याला त्याची आठवण करून दिली. तो म्हणाला, "तिथं जेवलो. घरात घेईन असं कुठं म्हटलं होतं?" आमचं आगाऊ भाडं जमीन पुन्हा करायच्या खर्चात गेलं.

राहिली दलाली. दवाखान्यामागं एक ख्रिस्ती सुईण राहायची. तिच्या पडवीत जागा होती, पण पैसे आधी हवे होते. दलालीचे पैसे परत हातात आले असते तर माझं बाळंतपण तिच्याकडे झालं असतं. म्हणून आम्ही बाजारात दलालाच्या दुकानावर गेलो.

"माझं काम खोली दाखवायचं," तो म्हणाला. "ते मी केलं. खोली मोडली तुझ्या बायकोनं."

"तुम्हाला सगळं सांगितलं होतं," नवरा म्हणाला.

"काय सांगितलं होतंस? साक्षीदार आण. जात चोरून घरात घुसता, वर पैसे मागता?"

लोक जमले. नवऱ्यानं मान खाली घातली. मी त्याच्याकडे बघत होते, तो माझ्याकडे बघेना. जमीन उकरली तेव्हा लागलं नव्हतं एवढं ते मला लागलं. म्हणजे यालाही वाटत होतं, मीच मोडली.

गर्दी वाढली तसा दलाल वैतागला. कनवटीचे पैसे काढले, अर्धे वेगळे केले, हात उंच धरला आणि आमच्या पायांपुढं धुळीत सोडले. "उचला आणि चालायला लागा."

नवरा वाकला. मी त्याचा दंड धरला. परक्या पुरुषाशी भर बाजारात मी कधी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"घेताना ह्यांच्या हातातनं घेतलेत. तेव्हा विटाळ झाला नाही. देताना पण हातात द्या. आणि सगळे द्या."

"माजलेत," तो म्हणाला आणि दुकानात निघून गेला. पैसे तिथंच पडले होते. आम्ही वाडीला परत निघालो. होडीत नवरा एवढंच म्हणाला, "अर्धे दिले असते तरी सुईणीनं घेतलं असतं."

कळा आल्या तेव्हा पुन्हा तीच खाडी. या खेपेला होडी मिळाली. मुलगी झाली, होडीतच. छातीशी धरली होती. रत्नागिरीचा काठ लागेपर्यंत ती गार झाली.

वाडीत सगळे म्हणाले, वाकली असतीस तर पोर वाचलं असतं. वाचलंही असतं. हा विचार माझ्या मनातनं एक दिवस गेलेला नाही. पण माझी पोर माझ्या न वाकण्यानं गेली, हे मी कुणाला म्हणू देत नाही. ज्यांनी खोली काढून घेतली, पैसे दाबून ठेवले, त्यांना कुणी काही विचारलं नाही.

सुतक फिटलं. सासू टोपली घेऊन गावात भाकरी मागायला निघाली. ती भाकर दारात उभं राहून घ्यायची, वरनं टाकतात तशी झेलायची.

"चल गो," ती म्हणाली.

"मी नाही येत."

"मग खाशील काय?"

"हातात देतील त्याचं खाईन. नाही दिलं तर नाही खाणार."

ती एकटी गेली. परत येऊन तिनं टोपलीतली भाकर माझ्यापुढं ठेवली. मला कडकडून भूक लागली होती. मी त्या भाकरीला शिवले नाही.