बाबांचा उजवा हात

बाबांना लकवा मारला तेव्हा मी अमडापूरला माहेरी येऊन दोन महिने राहिले. उजवी बाजू गेली होती. दवाखान्यातून सुट्टी देताना डॉक्टरांनी फिजिओथेरपी सांगितली. मालिशच असेल, मला वाटलं. मालिश मलाही येते.

चिखलीहून एक तरुण मॅडम आठवड्यातून दोनदा यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी तेलाची वाटी बाजूला सारली. "ताई, हात चांगला आहे यांचा. त्याला हुकूम द्यायचं मेंदू विसरला. तेच तेच काम करवून त्याले पुन्हा शिकवा लागते. यांचं काम तुम्ही करू नका. घास तर भरवूच नका. हे सुरुवातीचेच महिने कामाचे."

काय जमायला हवं, असं त्यांनी विचारलं तेव्हा बाबा जड जिभेनं म्हणाले, "पंगतीत... माह्या हातानं."

मॅडम असेपर्यंत मी शहाणी असायची. त्या गेल्या की भेटायला येणाऱ्यांची रीघ. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला येणारी माणसं घरच्यांनाच जास्त बघतात. बाबांच्या सदऱ्यावर वरण सांडलेलं पाहून शेजारची काकू म्हणाली, "लेक घरात असून बाप असा सांडून-लवंडून खाऊन राह्यला. बरं दिसते का वं?"

ते मला फार लागलं. त्या दिवसापासून मी भाकर कुस्करून भरवू लागले. सेवा करावी तर अशी, लोक म्हणाले. मी फुशारले, खोटं कशाला सांगू? मॅडमनी विचारलं की "करतात स्वतः" म्हणून मोकळी व्हायची. बाबा तेव्हा भिंतीकडे बघत.

एका दुपारी मी पाणी घेऊन आले, तर बाबा डाव्या हातानं उजव्याची बोटं एकेक उघडून भाकरीच्या तुकड्यावर ठेवत होते. तुकडा उचलला गेला, छातीपर्यंत आला, पडला. त्यांनी पुन्हा बोटं उघडली.

"राहू दे. मी..." मला पाहून बाबा म्हणाले.

तेवढ्यात बाहेरच्या ओट्यावर काकूचा आवाज आला. मी घाईनं तुकडा उचलून त्यांच्या तोंडाशी धरला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग तोंड उघडलं.

त्यानंतर त्यांनी तो हात पुढे केला नाही. मी सासरी परतले, वहिनी भरवू लागली. मूठ वळत गेली, ती उघडलीच नाही. दोन वर्षं बाबा जगले, पण पंगतीला एकदाही बसले नाहीत.

तेरवीच्या पंगतीत काकू शेजारणीला कौतुकानं सांगत होती, "लेकीनं बापाले हात हालवू देला नाही."

मी मान खाली घालून माझ्या हातानं जेवत होते.