नरक्याचं लाकूड

भीमाशंकरच्या डोंगराखालच्या वाडीत राहणाऱ्या सोमाजीने चौऱ्याण्णव सालापासून तीन वर्षं नरक्या तोडला. या झाडाला इतका घाण वास की गुरंसुद्धा तोंड लावत नसत. पण मंचरकडून एक व्यापारी टेम्पो घेऊन यायचा आणि मुळासकट खणलेल्या झाडाच्या वाळक्या ढलप्या पोत्यांनी न्यायचा. कशाला, हे सोमाजीने कधी विचारलं नव्हतं.

ते कळलं तेजस्विनीकडून. महाळुंगे पडवळ गावची ही मुलगी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होती आणि झाडं मोजायला डोंगरात येऊन राहिली होती. या लाकडातून एक द्रव्य काढतात, त्याच्यापासून परदेशात कॅन्सरचं औषध बनतं, असं ती बोलता बोलता म्हणाली.

सोमाजी सरळ घरी आला. त्याचा मेहुणा बहिरू घशातल्या गाठीने अंथरुणाला खिळला होता, पेजसुद्धा गिळवत नव्हती. सोमाजीने ढलप्या चुलीवर उकळायला ठेवल्या. बायको, धोंडाबाई, म्हणाली, आधी त्या पोरीला विचारून तर या. तसा तो माघारी गेला.

"ताई, काढा किती द्यायचा?"

"थेंबभरही नाही, मामा. ते विष आहे. माणसाला सोसावं म्हणून शास्त्रज्ञांनी ते वर्षानुवर्षं खपून बदललंय. तरी डॉक्टर उंची-वजन बघून, मोजून, सलाईनमधूनच देतात."

"मंग आमचं लाकूड आमच्याच कामाचं न्हाई म्हना की."

"असं घरी उकळून तरी नाही. त्यांना पुण्याला न्या. उशीर करू नका."

काढा त्याने खड्ड्यात ओतला. पुण्याच्या दवाखान्यात बहिरूच्या गाठीला वेगळंच औषध निघालं. दर तीन आठवड्यांनी सलाईन आणि जोडीला मशीनचा शेक. केस गेले, उलट्यांनी जीव नकोसा झाला, पण दिवाळीला तो दुधात कुस्करलेली भाकरी खायला लागला.

सोमाजीने तोड थांबवली ती तेव्हापासून. डोंगरात मोठी झाडं फारशी उरलीही नव्हती, आणि त्यातली बरीचशी आपणच खणली, हे त्याला खात राहिलं. काही झाडांना फळच धरत नाही, ती नर असतात, हे तेजस्विनीने दाखवलं. मग तो पिकलेली जांभळी फळं वेचून पिशव्यांत बिया लावू लागला. दोनशेतली चाळीसेक रोपं जगली. दोन उन्हाळे बहिरूने त्यांना ओढ्याचं पाणी वाहून घातलं. पुढे त्याची गाठ उलटली आणि दोन हजार एक साली तो गेला.

रोपं सावकाश वाढत होती. लावल्यापासून पाच वर्षांनी ती जेमतेम सोमाजीच्या छातीला लागली.